खप विचारणारा माणूस

वर्तमानपत्राच्या मालकाला त्याचा खप विचारणं हे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर अमेरिकेत फारसं सभ्यपणाचं समजलं जात नसे. मालक एक तर हसून विषय बदलायचा, नाहीतर तोंडाला येईल तो आकडा ठोकून द्यायचा. परिसरात सर्वाधिक खपाचं पत्र आपलंच, असं एकाच गावातली दोन-दोन पत्रं छापायची आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. जाहिरात देणारा व्यापारी अंदाजाने पैसे मोजायचा. मालक ते अंदाजाने घ्यायचा. मधल्या दलालाला खरं काय ते थोडंफार ठाऊक असायचं, पण ते ठाऊक असण्यावरच त्याचं पोट असल्यामुळे तोही बोलायचा नाही.

त्या दलालांपैकी एकाने हे गुपित पुस्तकात छापून, त्याला किंमत लावून ते बाजारात विकायला ठेवलं. त्याचं नाव जॉर्ज प्रेस्बरी रॉवेल.

मी काही वर्षं एका जिल्हा दैनिकाच्या जाहिरात विभागात काढली आहेत. तिथे आम्ही दोन खप सांभाळायचो. एक मशीनवरचा, दुसरा ग्राहकाला सांगायचा. दोन्ही आकडे डोक्यात ठेवून चेहरा सरळ ठेवणं ही तिथल्या नोकरीतली पहिली शिकवण. त्यामुळे रॉवेलचं आत्मचरित्र जेव्हा हाती लागलं (१९०६ सालचं पुस्तक आहे, इंटरनेट अर्काइव्हवर फुकट वाचता येतं) तेव्हा ते मी इतिहास म्हणून वाचलंच नाही. आपल्याच खात्यातल्या एका सेवानिवृत्त, गप्पिष्ट, थोड्या आढ्यताखोर साहेबांनी शेजारी बसवून जुन्या गोष्टी सांगाव्यात तसं ते वाटलं. साहेब सगळंच खरं सांगत नाहीत हे आपल्याला कळत असतं. तरी उठवत नाही.

रॉवेलचा जन्म ४ जुलै १८३८ चा, व्हरमाँट राज्यातल्या कॉन्कॉर्ड गावचा. अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी जन्मलेला हा मुलगा शेजारच्या न्यू हॅम्पशरमधल्या लँकेस्टर गावात वाढला. डोंगर, थंडी, शेतं, आणि पैसा जपून वापरणारी माणसं. पुढे तो बॉस्टनला आला आणि ‘बॉस्टन पोस्ट’ या दैनिकात लागला. काम काय, तर वसुली. छापून झालेल्या जाहिरातींची बिलं घेऊन दारोदार जायचं आणि पैसे आणायचे.

जाहिरातीच्या धंद्यात वरून आलेली माणसं वेगळी आणि वसुलीतून आलेली वेगळी. वसुलीतून आलेल्याला माणसाच्या बोलण्यावरून नाही, बूट, दुकानातली गिऱ्हाइकं आणि मुनीमाचा चेहरा बघून कळतं की हा पैसे देणार की नाही. कोण जाहिरात का देतो, कुणाला ती परवडते, कोण नुसत्या हौसेपायी देतो आणि तीन महिन्यांत बुडतो, हे जाहिरात विकणाऱ्याला कळत नाही. ते वसुलीवाल्याला कळतं. रॉवेलच्या पुढच्या सगळ्या कल्पनांच्या तळाशी हे बिलं घेऊन हिंडणं आहे असं मला वाटतं. पैसे वेळेवर कसे येतील आणि कुणाचे येतील, हा प्रश्न त्याने आयुष्यभर सोडला नाही.

त्या नोकरीत असतानाच त्याने एक जोडधंदा करून पाहिला. नाताळच्या दिवसांत बॉस्टनच्या नाटकगृहात वाटायची कार्यक्रमपत्रिका त्याने स्वतः काढली आणि तिच्या कडेच्या जागा जाहिरातींना विकल्या. आपल्याकडे गणेशोत्सवात मंडळाची स्मरणिका निघते, तशातला प्रकार. आत कार्यक्रम पानभर, आणि बाकी सगळे शुभेच्छुक. त्यात नफा झाला. कागद आणि छपाई स्वस्त, जागा महाग, आणि जागा आपण तयार करू तितकी. हे गणित एकदा कळलेला माणूस पगारावर फार दिवस राहत नाही.

१८६५ च्या मार्चमध्ये, यादवी युद्ध संपायला महिनाभर राहिलेला असताना, त्याने बॉस्टनमध्ये स्वतःची जाहिरात एजन्सी उघडली. वय सव्वीस.

जाहिरात एजंट हा प्राणी त्याने निर्माण केला नाही. व्होल्नी पामर नावाचा गृहस्थ १८४० च्या दशकाच्या सुरुवातीलाच फिलाडेल्फियात हे काम करू लागला होता आणि बॉस्टनमध्ये पेटिंगिल तेच करत होता. पामर हा वर्तमानपत्रांचा माणूस. अनेक पत्रांच्या वतीने तो जाहिराती गोळा करी आणि त्यावर पत्राकडून कमिशन घेई. व्यापाऱ्याने सांगावं, मला अमुक दहा पत्रांत जाहिरात द्यायची आहे. मग एजंट त्या पत्रांना लिहिणार, भाव ठरवणार, घासाघीस करणार. दरपत्रक छापलेलं असे, पण त्यावर विश्वास ठेवणारा नवखा समजायचा. खरा भाव ज्याचा त्याने काढायचा.

रॉवेलने ही घासाघीसच काढून टाकली. न्यू इंग्लंडमधल्या लहान लहान साप्ताहिकांकडून त्याने वर्षभरासाठी जागा घाऊक विकत घेतली, प्रत्येक पत्रातला एकेक कॉलम. आणि मग व्यापाऱ्यांपुढे एकच भाव ठेवला: शंभर पत्रांत एक इंच जागा, महिनाभर, शंभर डॉलर. पत्रामागे इंचाला डॉलर. ना पत्रव्यवहार, ना दरपत्रक, ना शंभर ठिकाणी शंभर बिलं.

आज हे वाचताना त्यात विशेष काय असं वाटेल. त्या काळच्या व्यापाऱ्याच्या जागी उभं राहून पाहावं लागतं. बॉस्टनमधला एखादा औषधवाला किंवा शिवणयंत्रवाला. खेड्यापाड्यांत गिऱ्हाईक आहे हे त्याला कळतंय. रेल्वे तिथवर पोचली आहे, त्यामुळे मालही पोचेल. पण त्या खेड्यातलं पत्र कुठलं, संपादक कोण, तो पैसे घेऊन जाहिरात छापेल की नाही, छापली तर आपल्याला अंक दाखवील की नाही, यातलं काहीच त्याला ठाऊक नाही. रॉवेलने त्याला एका खिडकीत सगळं दिलं.

आणि दुसऱ्या बाजूला तो खेड्यातला संपादक. त्याची स्थिती तर फारच केविलवाणी. रोख रक्कम त्याला वर्षात क्वचित दिसायची. वर्गणीदार लाकूडफाटा, बटाटे, सफरचंदं देऊन वर्गणी फेडायचे आणि शहरातले जाहिरातदार बिलाऐवजी आपलीच औषधं पाठवून द्यायचे, ‘तुम्हीच विका आणि पैसे घ्या’ म्हणून. रॉवेल रोख देत असे, तेही वेळेवर, आणि जाहिरातदाराने बुडवलं तरी देत असे. या एका गोष्टीपायी संपादक त्याला कॉलम पडत्या भावात द्यायला तयार होत. जोखीम सगळी त्याची. महिन्याच्या शेवटी कॉलम भरला नाही तर भुर्दंड त्याच्याच खिशाला, आणि भरला तर मधला सगळा फरक त्याचा. हा फरक किती असे हे तो ना संपादकाला सांगे, ना व्यापाऱ्याला. म्हणजे इथवर तोही गुपितावरच जगत होता.

१८६७ साली तो न्यूयॉर्कला आला. पार्क रो म्हणजे तिथली वर्तमानपत्रांची गल्ली, नगरपालिकेच्या इमारतीसमोरची. ‘टाइम्स’, ‘ट्रिब्यून’ सगळे शेजारीशेजारी. रॉवेलने ‘टाइम्स’च्याच इमारतीत, ४१ पार्क रोवर बिऱ्हाड थाटलं. पुढे त्याचं कार्यालय जवळच १० स्प्रूस स्ट्रीटला गेलं आणि हा पत्ता अमेरिकेतल्या छोट्या-मोठ्या सगळ्या संपादकांना पाठ झाला.

१८६९ मध्ये त्याने ‘अमेरिकन न्यूजपेपर डिरेक्टरी’ काढली. अमेरिका आणि कॅनडातली पाच हजारांहून जास्त पत्रं, राज्यवार, गाववार. कुठल्या दिवशी निघतं, आकार काय, वर्गणी किती, संपादक कोण, आणि खप किती. त्याआधी अशा याद्या एजंट लोक कपाटात कुलूपबंद ठेवत. कुठल्या गावात कुठलं पत्र निघतं, एवढी साधी माहितीही तेव्हा भांडवल होती. रॉवेलने आपलं भांडवल चव्हाट्यावर मांडलं म्हटल्यावर इतर एजंट संतापले. त्यांच्या दृष्टीने ही सरळसरळ फितुरी होती.

त्याने असं का केलं? औदार्याने केलं असं तो म्हणत नाही आणि म्हटलं असतं तरी मी मानलं नसतं. एक तर डिरेक्टरीत संपादकांच्या जाहिराती येत, तो एक उत्पन्नाचा भाग. पण खरी मेख अशी की घाऊक जागा विकत घेणाऱ्या माणसाला आपण काय विकत घेतोय ते कळणं भागच होतं. खप खोटा निघाला तर पहिला फटका त्यालाच. जो खप त्याला स्वतःसाठी शोधून काढावा लागत होता तोच त्याने छापून विकला. वर आता प्रत्येक जाहिरातदार त्याच्याच पुस्तकात डोकावून मग त्याच्याच दारात यायचा.

खप काढायचा कसा, हे मात्र सोपं नव्हतं. तो दरवर्षी प्रत्येक पत्राला फॉर्म पाठवी. मागच्या वर्षात प्रत्येक अंकाच्या किती प्रती छापल्या ते लिहा, तारीख घाला, सही करा. असं सविस्तर निवेदन देणाऱ्याचा आकडा पुस्तकात स्पष्ट अंकांत छापला जाई. जो देत नसे किंवा गोलमाल उत्तर देई, त्याला रॉवेलचे लोक आपल्या अंदाजाने एक अक्षर चिकटवत. अक्षरावरून खपाची पायरी कळे. ‘जे-के-एल’ अशी तीन अक्षरं नावापुढे लागली की समजायचं, हजाराच्या खाली. कल्पना करा, आपल्या गावात ‘राज्यातलं अग्रगण्य’ म्हणून मिरवणाऱ्या संपादकाने न्यूयॉर्कहून आलेलं जाडजूड पुस्तक उघडावं आणि आपल्या नावापुढे हे दिसावं! शिव्यांची पत्रं किती आली असतील.

याच्यावर त्याने आणखी एक खिळा ठोकला. सही केलेलं निवेदन खोटं आहे असं जो कुणी सिद्ध करील त्याला रॉवेल शंभर डॉलर बक्षीस देणार. हे शंभर डॉलर मला त्या सगळ्या उद्योगातली सर्वांत हुशार चाल वाटतात. तपासनीस नेमायला त्याच्याकडे पैसा नव्हता, अधिकार तर मुळीच नव्हता. पण प्रत्येक गावात एक प्रतिस्पर्धी संपादक असतोच, आणि शेजाऱ्याच्या छापखान्यात किती रिमं कागद उतरला हे त्याला कागदवाल्याइतकंच नीट ठाऊक असतं. रॉवेलने ही गावोगावची असूया कामाला लावली. फुकट.

त्याच्यावर आरोपही झाले. डिरेक्टरीत जाहिरात देणाऱ्यांना खप वाढवून मिळतो, न देणाऱ्यांना मार बसतो, असं उघड बोललं जाई. आपल्याकडे पुरस्कारांबद्दल जे बोललं जातं तेच. त्यात तथ्य किती, हे आता काढता येणार नाही. पण ज्या माणसाच्या हातात मापही आहे आणि गल्लाही आहे, त्याच्याबद्दल लोक असं बोलणारच.

पुढे त्याच्या लक्षात आलं की नुसत्या संख्येनेही भागत नाही. काही पत्रांचा खप लहान असतो, पण वाचणारा वर्ग असा असतो की जाहिरातदार त्यासाठी जास्त पैसे मोजतो. अशा पत्रांच्या नावापुढे तो वर्तुळ आणि मध्ये टिंब अशी खूण छापू लागला. जुन्या किमयागारांची ही सोन्याची खूण. ही सोनेरी मुद्रा मिळाली की पत्रं ती स्वतःच्या जाहिरातीत मिरवत. खप विचारला म्हणून ज्याच्यावर डोळे वटारले गेले, त्याचीच खूण आता मानाची झाली.

१८७६ साली अमेरिकेच्या स्वातंत्र्याला शंभर वर्षं झाली म्हणून फिलाडेल्फियात मोठं प्रदर्शन भरलं. यंत्रं, इंजिनं, बेलचा टेलिफोन, सगळं तिथे होतं. त्या मैदानात रॉवेलने स्वखर्चाने एक इमारत उभारली आणि तिच्यात अमेरिकेतली आठ हजारांवर वर्तमानपत्रं ठेवली. भिंतीभर खण, प्रत्येक खणावर पत्राचं नाव. कॅन्सासहून किंवा मेनहून आलेल्या माणसाने काउंटरवर जाऊन आपल्या गावचं नाव सांगायचं आणि तिथला माणूस त्याच्या गावचं पत्र काढून हातात द्यायचा. बसून वाचायला जागा होती. शेकडो कोसांवरून येऊन, वाफेच्या महाकाय इंजिनाकडे पाठ करून, आपल्या गावात या आठवड्यात कुणाचं लग्न झालं आणि कुणाची म्हैस हरवली (तिथे गाय हरवली असणार) ते वाचत बसलेली माणसं. रॉवेलच्या सबंध आयुष्यातलं हे दृश्य मला सर्वांत आवडतं. अर्थात हीसुद्धा त्याची जाहिरातच होती. आठ हजार पत्रं कुठे आहेत हे ज्याला ठाऊक आहे, त्याच्याकडे जाहिरात द्या, एवढंच त्या भिंती सांगत होत्या.

त्याच वर्षी, त्याच फिलाडेल्फियात, फ्रान्सिस वेलँड एअर नावाचा तरुण एक वेगळीच गोष्ट करत होता. वडिलांच्या नावावर त्याने काढलेली एन. डब्ल्यू. एअर अँड सन ही एजन्सी १८६९ पासूनची, म्हणजे रॉवेलच्या डिरेक्टरीच्याच वयाची. एअरने गिऱ्हाइकांशी उघडा करार सुरू केला. पत्राकडून मला जागा कितीला पडते ते तुम्हाला दाखवतो, त्यावर माझं ठरलेलं कमिशन घेतो, बाकी लपवाछपवी नाही. एजंट आता पत्राचाही नव्हता आणि स्वतःचाही नव्हता. तो जाहिरातदाराचा झाला. पुढची सगळी जाहिरातसृष्टी या वाटेने गेली, रॉवेलच्या नाही. आज मुंबईतल्या एजन्सीला वर्तमानपत्राकडून जे पंधरा टक्के मिळतात ती रीत त्याच वंशावळीतली.

रॉवेल हा शेवटपर्यंत जागेचा व्यापारी राहिला. पत्रांनी खप लपवू नये म्हणून तो जन्मभर भांडला, पण आपला नफा मात्र त्याने झाकूनच ठेवला. हा दुटप्पीपणा त्याला स्वतःला कधी बोचला असावा असं त्याच्या लिहिण्यावरून तरी दिसत नाही. कापडवाला गिरणीचा भाव गिऱ्हाइकाला सांगतो का, असं त्याने विचारलं असतं. आणि खरंच, सांगतो का?

एजन्सी चालवता चालवता तो पन्नाशीला आला आणि जुलै १८८८ मध्ये त्याने ‘प्रिंटर्स इंक’ हे नियतकालिक सुरू केलं. जाहिरात या विषयाला वाहिलेलं, लहान आकाराचं, कोटाच्या खिशात मावणारं. जाहिरातकलेचा छोटा पंतोजी, असं ते स्वतःला म्हणवून घेई. मजकूर कसा लिहावा, कुठली जाहिरात चालली, कुठली पडली, कोण किती खर्च करतो. तोवर जाहिरात लिहिणं हे वेगळं काम आहे असं कुणाला वाटतच नव्हतं. एजंट जागा विकत, मजकूर व्यापारी स्वतः खरडत. फिलाडेल्फियाच्या वॉनामेकरच्या दुकानात जॉन पॉवर्स नावाचा माणूस १८८० पासून पगार घेऊन फक्त जाहिराती लिहीत होता, पण तो अपवाद. ‘प्रिंटर्स इंक’ने अशा माणसांना एकमेकांची तोंडं दाखवली. धंद्याला स्वतःबद्दल बोलायला चव्हाटा मिळाला की त्याचा पेशा व्हायला लागतो.

या अंकाचं अर्थकारण खास रॉवेली होतं. देशभरच्या पत्रांना तो म्हणे, तुमची जाहिरात माझ्या अंकात छापतो, बदल्यात तुमच्या पत्रात मला तेवढ्याच किमतीची जागा द्या. रोख कुणीच कुणाला द्यायची नाही. त्यामुळे शेकडो पत्रांत त्याच्याकडे जागा साठत गेली.

पोस्टखात्याशी झालेलं भांडण तर त्याने अनेक पानं घोळवून सांगितलं आहे. नियतकालिकांना टपालात सवलतीचा दर असे, पौंडाला एक सेंट. पोस्टाने १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला ‘प्रिंटर्स इंक’ची ती सवलत काढली. म्हणणं असं की हा अंक म्हणजे रॉवेलच्या धंद्याचीच जाहिरात आहे. त्या वेळी देशाचा पोस्टमास्टर जनरल कोण, तर जॉन वॉनामेकर. अमेरिकेतला सर्वांत मोठा जाहिरातदार दुकानदार! रॉवेलच्या जखमेवर हे मीठ होतं. वाचताना मला त्याची कीवही येते आणि पोस्टाचं म्हणणं पटतंही.

मग या साठलेल्या जागेचं करायचं काय? इथे गोष्ट औषधांकडे वळते, आणि ती वळणारच होती.

त्या काळात वर्तमानपत्रांचा खरा पोशिंदा म्हणजे बाटलीबंद औषधं. यादवी युद्धाच्या आसपास ड्रेकच्या ‘प्लँटेशन बिटर्स’वाल्यांनी ‘एस. टी. – १८६० – एक्स’ अशी कुणालाच न कळणारी अक्षरं देशभर खडकांवर आणि कुंपणांवर रंगवून ठेवली होती. मॅसॅच्युसेट्समधल्या लिन गावच्या लिडिया पिंकहॅमबाईंचा चेहरा त्यांच्या काढ्याच्या जाहिरातींमुळे घरोघर ओळखीचा झाला होता. रॉवेलने आयुष्यभर या लोकांच्या जाहिराती छापून आणल्या, त्यांची बिलं वसूल केली, त्यांना श्रीमंत होताना आणि काहींना बुडताना पाहिलं. शेवटी त्याने स्वतःचंच औषध काढलं.

त्याचं नाव ‘रिपान्स टॅब्युल्स’. रेवाचिनी, इपिकॅक, पेपरमिंट, काळा बोळ, कुचला आणि सोडा, या सहा घटकांच्या इंग्रजी नावांची आद्याक्षरं जुळवून ‘रिपान्स’. इपिकॅक सोडलं तर बाकी यादी आपल्या काष्ठौषधीच्या दुकानात अपरिचित नाही. म्हणजे रेचक, पाचक आणि पोटाला थोडी ऊब. दहा गोळ्या पाच सेंटला. ‘एका गोळीने आराम’ हे घोषवाक्य. अपचन, पित्त, डोकेदुखी, सगळ्यावर ती चालायची, निदान जाहिरातीत तरी. पत्रांत साठलेली अदलाबदलीची जागा या गोळ्यांच्या जाहिरातींनी भरली गेली. घटक नावातच सांगितले, इतकं श्रेय मी त्याला देतो. त्या काळात बहुतेक औषधवाले आपलं मिश्रण प्राण गेला तरी सांगत नसत, आणि सांगितलं असतं तर पुष्कळांच्या बाटलीत मुख्यतः दारू निघाली असती.

तरी अडखळायला होतं. प्रत किती छापली याबद्दल जो माणूस सही मागत होता, शंभर डॉलर लावत होता, त्याने त्या प्रतीत काय छापलंय याबद्दल कधी कुणाकडे सही मागितली नाही. एक इंच जागा किती लोकांपुढे जाते हे खरं असलं पाहिजे. त्या इंचात जे लिहिलंय ते खरं असलं पाहिजे, हा त्याचा विषयच नव्हता. मला वाटतं तो याला लबाडी मानत नसे. तो जागा विकत होता. घरमालक भाडेकरूच्या चारित्र्याची हमी देत नाही. आणि आमच्या जाहिरात विभागात तरी दुसरं काय होतं? ‘हमखास गुण’, ‘पंधरा दिवसांत उंची’, ‘वशीकरण’ या सगळ्या चौकटींचे कॉलम सेंटिमीटर मी न चुकता मोजले आहेत. मोजणीत माझी कधी गफलत झाली नाही.

काळ मात्र बदलत होता. ‘लेडीज होम जर्नल’ने १८९२ मध्येच अशा औषधांच्या जाहिराती बंद केल्या. १९०५ च्या ऑक्टोबरपासून ‘कॉलिअर्स’ साप्ताहिकात सॅम्युअल हॉपकिन्स अॅडम्सने या धंद्याची चिरफाड करणारी लेखमाला सुरू केली. बाटलीत काय आहे, कोण त्यापायी मेलं, आणि वर्तमानपत्रं गप्प का बसतात. जून १९०६ मध्ये अन्न आणि औषधांचा कायदा झाला आणि अल्कोहोल, अफू वगैरे लेबलवर लिहिणं सक्तीचं झालं. नेमक्या त्याच दीड-दोन वर्षांत रॉवेल आपल्या आठवणी ‘प्रिंटर्स इंक’मधून क्रमशः सांगत होता आणि मग त्यांचं पुस्तक करत होता. त्या आठवणींत औषधवाल्यांची व्यक्तिचित्रं भरपूर आहेत. कुणी कसा साधा होता, कुणी पहिल्या शंभर डॉलरवर कसा लाखोपती झाला, कुणाचं घर कसं होतं. औषधांनी काही गुण आला का, हे विचारायला तो थांबत नाही. बाहेर वादळ आणि आत हे साहेब पाय पसरून गप्पा मारताहेत.

गप्पा मात्र झकास आहेत. त्याला माणसांची आवड होती. एजन्सीतून तो नव्वदच्या दशकातच मोकळा झाला होता. न्यू हॅम्पशरच्या उत्तरेला, स्टार्क गावाजवळच्या ख्रिस्तीन तलावाकाठी मित्रांबरोबर त्याने १८८२ मध्ये पर्सी समर क्लब काढला होता. तिथे मासेमारी, जंगल, लाकडी बंगले. बालपणीच्या लँकेस्टरपासून हे ठिकाण फार दूर नाही. १९०८ च्या ऑगस्टमध्ये मेन राज्यातल्या पोलंड स्प्रिंग या झऱ्याच्या पाण्यासाठी नावाजलेल्या ठिकाणी तो वारला. सत्तर वर्षांचा होता.

डिरेक्टरी पुढे प्रतिस्पर्धी एअरच्या वार्षिकात मिसळली. १९१२ मध्ये अमेरिकेच्या काँग्रेसने कायदा करून दैनिकांना शपथेवर खप जाहीर करायला लावला आणि १९१४ मध्ये ऑडिट ब्युरो ऑफ सर्क्युलेशन्स आलं. भारतात त्याच नावाची संस्था १९४८ मध्ये मुंबईत स्थापन झाली. रॉवेलचं शंभर डॉलरचं काम आता हिशेबतपासनीस करू लागले.

पण ‘प्रिंटर्स इंक’चं पुढे जे झालं ते पाहायला तो हवा होता. १९११ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर तीनच वर्षांनी, संपादक जॉन आयर्व्हिंग रोमरने एका वकिलाकडून कायद्याचा नमुना मसुदा लिहवून घेतला आणि अंकात छापला. जाहिरातीत खोटं, फसवं किंवा दिशाभूल करणारं विधान करणं हा गुन्हा. राज्यांनी तो एकेक करून उचलला आणि पुढे बहुतेक राज्यांत तो कमी-अधिक फेरफाराने लागू झाला. ‘प्रिंटर्स इंक कायदा’ या नावानेच तो ओळखला जातो. रिपान्सच्या गोळ्यांसाठी जागा गोळा करणाऱ्या अंकाने हे करावं!

रॉवेल असता तर त्याने विरोध केला असता, अशी माझी अटकळ आहे. तत्त्वासाठी नाही, तर गिऱ्हाइकं तुटतील म्हणून. दोन-तीन वर्षं अग्रलेख लिहून भांडला असता, रोमरला नावं ठेवली असती, वॉनामेकरचा जुना विषय काढला असता. आणि मग या कायद्याखाली कुठल्या गावात किती खटले झाले, किती सुटले, किती दंड भरला, याची राज्यवार, गाववार यादी करून तिची डिरेक्टरी काढली असती. पुढच्या पानांवर वकिलांच्या जाहिराती, इंचाला ठरलेला भाव, पैसे आगाऊ.